चिमणपंख आणि पंक्चर

६ जानेवारी, शनिवार

आली! पाचही आली! मला वाटलं होतं दोघं येतील, त्यातलं एक तर घरातलंच. दारातला चपलांचा ढीग बघूनच हरखले.

पेपरात असताना इतकी वर्षं मी ‘मुलांचं पान’ काढलं. नाव मुलांचं, कारभार सगळा मोठ्यांचा! निवृत्त साहेबांच्या कविता, मालकांच्या मेहुणीच्या बोधकथा, आणि जागा उरलीच तर कोपऱ्यात एखाद्या मुलाचं चित्र — तेही त्याच्या आईने रंगवलेलं. गेल्या वर्षी ते पान बंद झालं आणि माझीही बोळवण झाली. पुष्पगुच्छ, फोटो, ‘येत जा हं अधूनमधून’. एकदा गेले. वॉचमनने विचारलं, कुणाकडे?

तेव्हाच मनात घेतलं होतं. मासिक काढायचं. मुलांनी लिहायचं, मुलांनी निवडायचं, मुलांनी वाचायचं. मोठ्या माणसाची लुडबूड नाही. माझीसुद्धा नाही! तसा नियमच केलाय — सभा बाहेरच्या खोलीत, मी स्वयंपाकघरात. बिस्किटांची ताटली ठेवायची आणि मागे फिरायचं. तोंडाला कुलूप.

मंडळ असं. संपादक माझी भाची. बारा वर्षांची. बहीण नोकरीसाठी परगावी आहे, म्हणून हे वर्ष ती माझ्याकडे. मग तळमजल्यावरचा वकील — ‘बस’ म्हटलं तरी ‘का?’ विचारतो, म्हणून वकील. समोरच्या इमारतीतली जुळी भावंडं, जोडगोळी. एकाने वाक्य सुरू करायचं, दुसरीने संपवायचं. आणि मुंगी. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याची मुलगी. आवाजच नाही पोरीला. आली कधी, बसली कधी, कळलं नाही. पण चित्रं काढते म्हणे.

मी काही बोलले नाही. फक्त सुरुवातीला पाच मिनिटं मासिकामागची कल्पना समजावून सांगितली. भाची नंतर म्हणाली, पाऊण तास. काहीतरीच!

७ जानेवारी, रविवार

म्हणायचं मासिक, पण मुलांना महिनाभर दम कुठला निघायला? दर पंधरा दिवसांनी काढणार. झेरॉक्सवाल्याने छापून द्यायचं आपणहून कबूल केलं. ‘मॅडम, तुम्ही फक्त कागद आणा. मशीन आपलंच समजा.’ माणूस असावा तर असा. दुकानात सतत गर्दी, पण प्रत्येकाशी हसून दोन शब्द.

१३ जानेवारी, शनिवार

आज नाव ठरायचं होतं. माझ्या मनात कितीतरी वर्षं एक नाव जपून ठेवलेलं आहे — चिमणपंख. पण ते मी फक्त चिठ्ठ्यांच्या डब्यात टाकलं. सगळ्यांच्या चिठ्ठीसारखीच माझी एक चिठ्ठी. 

कणीक मळता मळता ऐकते तर बाहेर आरडाओरडा, टाळ्या. पंक्चर! पाचातल्या चौघांनी पंक्चरला मत दिलं. पंक्चर म्हणजे काय? हे नाव झालं? मुलांच्या सर्जनशील नियतकालिकाचं?

मी काही बोलले नाही. पाण्याचा जग ठेवायला गेले, तेव्हा सहज म्हटलं की नाव म्हणजे घराचा दरवाजा. दारातच हवा गेली तर आत कोण येणार? एवढंच. आणि पंख म्हणजे काय, झेप म्हणजे काय, तेही ओघात आलं. नियम तो नियम, म्हणून म्हटलं, मत तुमचंच. हवं तर पुन्हा चिठ्ठ्या टाका.

पुन्हा टाकल्या. पाचही चिठ्ठ्यांवर चिमणपंख! एकमताने! वकिलाने ‘का?’ विचारलं नाही, हे आश्चर्य. मुलांना नीट समजावून सांगितलं की त्यांची अभिरुची आपोआप वर येते. हेच मी साहेबांना सांगून सांगून थकले होते.

२० जानेवारी, शनिवार

वकिलाने गोष्ट वाचून दाखवली आणि मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले. एक आजारी आजी. खिडकीपाशी तिची खाट. रोज एक चिमणी येते. एके दिवशी चिमणीच मरते, आणि इतके दिवस न रडलेली आजी रडते. दहा वर्षांचं पोर आणि ही समज! कुठून येतं हे? कोण शिकवतं? कुणीच नाही. मोकळं सोडलं की येतं.

मी फक्त एक शब्द सुचवला. ‘मेली’च्या जागी ‘निघून गेली’. त्याने मान डोलावली. लगेच बदललं.

जोडगोळीने संडासातल्या भुताची गोष्ट आणली होती. सगळी खिदळत होती. मी काही म्हटलं नाही, फक्त दारात येऊन उभी राहिले. भूत आपोआप मागे पडलं.

मुंगीचं चित्र — कपाटामागे अंग चोरून बसलेलं मांजर. हात चांगलाय पोरीचा. पण सगळं काळं-करडं, बघून उदास वाटावं असं. मी म्हटलं, छान आहे गं, पण मुलांचं चित्र कसं हसरं हवं. तिने खोडरबर घेतलं आणि मांजराला मुकाट्याने हसू काढून दिलं. आता कसं गोड दिसतंय.

२४ जानेवारी, बुधवार

बहिणीला फोनवर चिमणीची गोष्ट वाचून दाखवली. तिने पुन्हा एकदा वाचायला लावली. मग म्हणाली, ‘ताई, खरंच मुलाने लिहिलंय?’ म्हटलं, अगं तेच तर!

२७ जानेवारी, शनिवार

अंक निघाला! निघाला, निघाला!

सगळी वरात घेऊन दुकानात गेले. मुंगी तेवढी नव्हती, पोटात दुखतंय म्हणून घरी थांबली. झेरॉक्सवाल्याने गिऱ्हाइकांना थांबवून आमचे अंक आधी काढले. पानं जुळवून स्वतः टाचण्या मारल्या. मुखपृष्ठावर लेकीचं हसरं मांजर बघून म्हणाला, ‘आमची घुमी आहे हो. तुमच्याकडे आल्यापासून जरा माणसात आली.’ मला भरून आलं. बापाने असं म्हणणं म्हणजे — मला तर पावतीच मिळाली.

पेपरातल्या जुन्या सहकाऱ्याला एक अंक पाठवला. चिमणीच्या गोष्टीवर पेन्सिलीने खूण करून. बघ म्हणावं, मुलं काय लिहू शकतात ते!

१ फेब्रुवारी, गुरुवार

भाचीच्या बोटांना शाई. नखांत, मनगटाला, नाकाच्या शेंड्यालासुद्धा. म्हटलं काय गं हे? ‘अभ्यास.’ असेल.

संध्याकाळी जिन्यातून हसण्याचा आवाज आला. पाचही जणांचा. पोट धरून, श्वास अडकेपर्यंत हसणं. दार उघडलं तर सगळी गप्प. कुणीतरी काहीतरी शर्टाखाली सारलं. मी विचारलं, काय चाललंय? जोडगोळीतला म्हणाला, ‘काही नाही —’ आणि बहीण म्हणाली, ‘— मावशी.’

माझ्या बाहेरच्या खोलीत असं कधीच कुणी हसलेलं नाही. मनात आलं आणि गेलं.

३ फेब्रुवारी, शनिवार

दुसऱ्या अंकाची सभा फार शहाण्यासारखी झाली. कुणी भांडलं नाही, आवाज चढला नाही. तीन गोष्टी आल्या. एकीत आजोबा आणि पोपट, दुसरीत आंधळा माणूस आणि कबूतर, तिसरीत पुन्हा आजी. आजीच्या गोष्टीत खारूताई. अर्ध्या तासात सगळं मंजूर. मुलं घड्याळाकडे बघत होती, पण शाळेच्या परीक्षा जवळ आल्यात ना.

वयाच्या मानाने केवढी प्रगल्भ झाली महिन्याभरात!

६ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी बेल. दारात वरच्या मजल्यावरचा चिमुरडा, जेमतेम सात वर्षांचा. ‘मावशी, पंक्चर आलं का?’

मी म्हटलं, अरे बाळा, सायकलचं दुकान समोर आहे.

‘तसलं नाही हो! वाचायचं पंक्चर. तिसरं येणार होतं ना आज? मला आधी हवंय, मागच्या वेळी माझा नंबर शेवटी लागला.’

मग त्याच्या काहीतरी लक्षात आलं असावं. माझं तोंड बघून तो मागे मागे सरकला आणि जिना चढून पळाला.

तिसरं. म्हणजे पहिलं आणि दुसरंही होतं.

संध्याकाळी भाची आली. मी विचारणार होते. विचारलं नाही. म्हटलं, सांगेल आपणहून. ती जेवली, हात धुतले, म्हणाली, ‘मावशी, चिमणपंखसाठी संपादकीय लिहून झालं माझं.’ चेहऱ्यावरची रेषही हलली नाही पोरीच्या!

७ फेब्रुवारी, बुधवार

भाची आंघोळीला गेली आणि मी तिचं दप्तर उघडलं. दुसऱ्याच्या दप्तराला हात लावायचा नाही, हा या घरातला नियम माझाच. असो.

भूगोलाच्या पुस्तकाच्या कव्हरात होतं. ‘पंक्चर. अंक तिसरा.’ खाली ठळक अक्षरांत: ‘फक्त मुलांसाठी. मोठ्यांनी वाचल्यास दाढदुखी होईल.’

आणि सगळं हाताने लिहिलेलं! एकेक प्रत हाताने! कोपऱ्यावर मशीन तयार आहे, माणूस ‘आपलंच समजा’ म्हणतोय, आणि ही मुलं बोटं काळी करत कॉपी करत बसतात. का? तर मला कळू नये म्हणून. माझ्यापासून लपवायला इतकी मेहनत! अर्धी मेहनत चिमणपंखवर घेतली असती तर.

संडासातलं भूत पहिल्याच पानावर. त्याला आता बायकोही आहे. मग ढेकरांची स्पर्धा, निकालासह. मग गणिताच्या बाईंचं चित्र. हे सगळं मी सोसलं. आणि उलटलेल्या पानावर — ‘मावशीचा रेडिओ’. लेखिका: संपादक.

संपादक म्हणजे कोण? जिची वेणी मी रोज घालते ती!

लिहूनच ठेवते, म्हणजे उद्या मला वाटायला नको की मी स्वप्नात वाचलं. ‘आमच्या घरात एक रेडिओ आहे. तो स्वयंपाकघरात असतो. त्याला बंद करायचं बटण नाही. तो आधी म्हणतो, मी काही बोलणार नाही. मग बातम्या सुरू होतात. बातम्या झाल्यावर तो म्हणतो, मत तुमचंच. मग आपण त्याचं मत द्यायचं. दिलं की तो बिस्किटं देतो.’

शेजारच्या पानावर वकील. शीर्षक — ‘चिमणपंखसाठी गोष्ट करायची कृती’. ‘एक आजारी आजी घ्या. ती नसल्यास आजोबा चालतील. खिडकीपाशी ठेवा. वरून एक पक्षी घाला. मंद आचेवर पक्षी मरू द्या. शेवटी चवीपुरतं डोळ्यांत पाणी. मावशीला गरमागरम वाढा.’

मंद आचेवर!

मी रडले होते त्या गोष्टीवर. बहिणीला वाचून दाखवली. ऑफिसात खूण करून पाठवली. आणि ते पोर समोर बसून माझी आसवं मोजत होतं, बाकीची एकमेकांना कोपर मारत होती. महिनाभर! बिस्किटं माझी, घर माझं, आणि हशा माझ्यावर!

पुढची पानं होती अजून. उघडलीच नाहीत. आणखी काय लिहिलं असणार — माझ्या चालण्याची नक्कल, माझ्या चष्म्याची? पुरे झालं. मिटला आणि माझ्या कपाटात साड्यांखाली ठेवून दिला.

पेपरवाल्यांनी काढलं तेव्हा राग आला होता, पण ते परके होते. केसाने गळा कापणारी माणसं आपली असावी लागतात.

८ फेब्रुवारी, गुरुवार

अबोला. वेणी घातली, डबा दिला, शब्द नाही. भाची दप्तर उलटंपालटं करत होती. पुस्तकं झटकून बघत होती. बघू दे!

९ फेब्रुवारी, शुक्रवार

चिमणपंख बंद. आज दुकानात जाऊन सांगून आले, दुसरा अंक काढायचा नाही.

झेरॉक्सवाल्याने माझा चेहरा बघितला आणि पोऱ्याला चहा आणायला पिटाळलं. खुर्ची पुसून दिली. ‘मॅडम, झालं काय? कोणी काही बोललं का?’ आणि मग माझा बांध फुटला. भर दुकानात! काय काय बोलले मला आठवतही नाही. विश्वासघात हा शब्द नक्की बोलले. तो ऐकत राहिला. मधे एकदाही घड्याळ बघितलं नाही. इतकं शांतपणे माझं कुणी ऐकून कितीतरी दिवस झाले.

त्याचा विश्वास बसणार नाही म्हणून, आणि खरं सांगायचं तर दाखवायची खुमखुमी होती म्हणून, अंक बरोबर नेला होता. पर्समधून काढून त्याच्या हातात दिला. म्हटलं, घ्या, बघा, तुमची लेकही आहे यांच्यात. तुमचं मशीन सोडून चोरून हाताने लिहितात!

तो चाळायला लागला. भुतावर हसला. रेडिओवर आणखी हसला, मग ‘सॉरी मॅडम’ म्हणाला. मीही जरा हसले, काय करणार. मग तो पुढे पुढे गेला, आणि हसायचा थांबला. शेवटची पानं सावकाश वाचली. गिऱ्हाईक ‘दोन बाजू काढा’ म्हणत होतं, त्याला ऐकूच गेलं नाही.

‘हा मी ठेवून घेतो,’ म्हणाला. ‘मुलीशी बोलायला हवं.’ अंकाची घडी घालून खिशात ठेवली.

म्हटलं, बोला बाबा. माझं तर कुणी ऐकत नाही, बापाचं तरी ऐकतील.

परतताना हलकं वाटलं. निदान एका माणसाला माझी बाजू कळली. आपल्या मुलांची चूक कबूल करणारे पालक असतात कुठे आजकाल? उलट भांडायला येतात.

१० फेब्रुवारी, शनिवार

सभेची वेळ. मी मुद्दाम बिस्किटं काढली नाहीत. कुणीही आलं नाही. बरं झालं. आता लाज वाटत असेल.

भाची दिवसभर पिंजऱ्यात घातल्यासारखी फेऱ्या मारत होती. चार वाजता समोर येऊन उभी राहिली. ‘मावशी, माझ्या दप्तरातलं काही तू घेतलंस का? रागव हवं तर. पण सांग, कुठाय ते?’

मी भाजी निवडत होते. निवडत राहिले.

‘मावशी, प्लीज! ते दुसऱ्या कुणाला मिळायला नको.’

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, का गं? जगाला कळेल म्हणून? मावशीची टिंगल करताना नाही ना वाटलं काही? त्या रेडिओच्या घरात राहतेस, त्याच्या हातचं खातेस! मग वकिलाची कृती तिला तोंडपाठ म्हणून दाखवली, शब्दनशब्द. ती ऐकत होती आणि तिचं लक्षच नव्हतं. ‘ते सॉरी, मावशी, खरंच सॉरी, ते आम्ही हसायला लिहिलं होतं. पण अंक कुठाय?’

हसायला! मी उठले आणि खोलीचं दार लावून घेतलं. दाराबाहेर ती बराच वेळ उभी होती. मग तिच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला. अर्ध्या तासाने परत आली. वकिलाकडे गेली असेल, कट करायला. जेवायला बसली, पण ताटाला हात लावला नाही. मीही आग्रह केला नाही. आग्रह करणारा रेडिओ बंद झालाय म्हणावं.

एवढं केलं मी यांच्यासाठी. त्यांना हवी तशी मोकळीक दिली. माझ्या लहानपणी मला असं कुणी काही दिलं असतं तर मी त्याचे पाय धुतले असते. आणि यांनी काय केलं? माझ्या पाठीमागे दुसरं दुकान थाटलं! मला काय खटकतंय तर टिंगल नाही. टिंगल पेपरातही व्हायची. पण ही मुलं माझ्यासमोर बसून माना डोलवायची आणि मला ते खरं वाटायचं. आयुष्यात एक काम असं केलं होतं जे खरं आहे असं वाटलं, ते सगळ्यात खोटं निघालं.

उद्या बहिणीला फोन करून सांगणार आहे. परीक्षा झाल्या की मुलीला घेऊन जा.

११ फेब्रुवारी, रविवार

फोन राहिला. दुपारी बेल वाजली. दारात मुंगी, मागे तिची आई. हातात एकच पिशवी. आईचा ओठ फुटलेला, डावा डोळा सुजून मिटलेला.

भाचीने मला स्वयंपाकघरात ओढलं. रडत, तुटक तुटक बोलली. शेवटची चार पानं मुंगीची होती. ‘आमच्या घरातलं हवामान.’ बाबांची किल्ली कुलपात लगेच फिरली तर ऊन. चाचपडली तर वादळ. आईला उठवा, बाथरूमला आतून कडी लावा. आणि त्याखाली बाकीच्या चौघांनी लिहिलेलं, वादळ आलं तर कुणाची बेल वाजवायची ते. ‘म्हणून हाताने लिहायचो ना, मावशी! त्याच्या मशीनवर कसं छापणार?’ मग विचारलं, ‘तू त्यालाच दिलास?’ मी ‘हो’ म्हणून मान हलवली.

बाहेर आले. मुंगी अजून उभीच होती. ‘आम्ही थांबलो तर चालेल?’ म्हणाली. ‘पंक्चरमध्ये तुमचं घर पहिलं आहे. तिथे लिहिलंय, मावशी बडबड करते पण दार उघडते.’

दोघी आतल्या खोलीत आहेत. बाहेरच्या दाराला कडी आणि साखळी, दोन्ही लावल्यात. अंक बाबांना कुणी दिला, हे मुंगीने अजून विचारलेलं नाही.